तळघरातला फिजिसिस्ट नेमकं काय करतो?

“मॅडम, बॅरोमीटर गंडलाय.”

शनिवारची सकाळ, सव्वासात. आमचं रेडिओथेरपीचं, म्हणजे रेडिएशनने कॅन्सरवर उपचार करायचं मशीन हॉस्पिटलच्या तळघरात जाडजूड काँक्रीटच्या भिंतींआड आहे. पहिला पेशंट येण्याआधी महिन्याचं मोजमाप उरकायचं होतं. मशीनखाली पाण्याची पेटी ठेवलेली, पाण्यात बोटाएवढं आयन चेंबर सोडलेलं. आमचा इंटर्न, नांदेडकडचा हुशार पोरगा, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन उभा होता. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर ९४६ मिलिबार दाखवत होता आणि मोबाईलवरचं हवामानाचं अ‍ॅप पुण्याचा दाब १००९ सांगत होतं. त्याचा मोबाईलवर जास्त विश्वास होता.

बॅरोमीटर बरोबर होता. मोबाईलही खोटं सांगत नव्हता, फक्त वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणून इथं पाणीसुद्धा शंभरऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. पण गावोगावच्या दाबांची तुलना करता यावी म्हणून हवामानवाले प्रत्येक ठिकाणचा दाब ‘हे गाव समुद्रकाठी असतं तर किती भरला असता’ असा हिशेब करून सांगतात. शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसातून पावसाचा अंदाज बांधायला तो आकडा उत्तम. आमच्या तळघरात तो पेशंटच्या जिवावर बेतू शकतो.

कसं ते सांगते. चेंबरच्या आत काबुली चण्याएवढी हवा असते. रेडिएशन त्या हवेतून गेलं की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तेवढा विद्युतभार आम्ही मोजतो. हवा विरळ असली की भार कमी भरतो, म्हणून आलेल्या आकड्याला हवेच्या दाबाचा आणि तापमानाचा गुणक लावावा लागतो. पुण्यात हा गुणक १.०७ च्या आगेमागे येतो. पोराने ९४६ ऐवजी १००९ धरला असता, तर मशीन सहा-सात टक्के कमी मारा करतंय असं वाटलं असतं. मग आम्ही ‘दुरुस्ती’ म्हणून मशीन तेवढं चढवलं असतं. आणि ३३ दिवसांत ६६ ग्रे (रेडिएशनचा डोस ग्रेमध्ये मोजतात) घेणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या माणसाला साडेचार ग्रेच्या जवळपास जास्त गेले असते, म्हणजे दोन दिवसांहून अधिकचा डोस. त्या दिवशी कोणाला काहीच कळलं नसतं. महिना-दोन महिन्यांनी घशाच्या जखमा भरेनात, तेव्हा “याला जरा जास्तच रिअ‍ॅक्शन आली” असं म्हणून आपण सगळे पुढे गेलो असतो.

मेडिकल फिजिसिस्टची नोकरी ही अशी आहे. नीट पार पडली तर दाखवायला काही उरत नाही.

लग्नकार्यात मात्र याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. “फिजिसिस्ट” म्हटलं की निम्म्या लोकांना फिजिशियन ऐकू येतं आणि ते बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारतात. उरलेल्यांना फिजिओ ऐकू येतं. गेल्या वर्षी कर्वेनगरच्या एका कार्यालयात जिलब्यांच्या पंगतीत एका मावशींनी चक्क गुडघा पुढे केला होता. आता मी एकच उदाहरण देते. तुम्ही पाचशे मिलिग्रॅमची गोळी घेता, तेव्हा तिच्यात पाचशेच मिलिग्रॅम औषध आहे हे कारखान्यात कुणीतरी मोजलेलं असतं. रेडिएशन हे औषध मात्र बाटलीत भरून आणता येत नाही. प्रत्येक पेशंटसाठी, दर दिवशी, ते हॉस्पिटलातच ताजं तयार होतं. म्हणजे कारखाना आमच्याच तळघरात, आणि तिथलं माप आणि तपासणी बघणारा माणूस म्हणजे फिजिसिस्ट. औषध किती आणि कुठे द्यायचं हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात, मशीन टेक्नॉलॉजिस्ट चालवतात. लिहून दिलेला डोस खरोखर तेवढाच, आणि खरोखर तिथेच पडतोय, याची जबाबदारी आमची.

पेशंट याला ‘लाईट देणं’ किंवा ‘शेक’ म्हणतात. शब्द वाईट नाही, पण शेकण्यासारखं त्यात काही जाणवत नाही. ना उष्णता, ना वेदना. त्यामुळेच चूक झाली तरी ती ओरडून सांगत नाही.

आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर, म्हणून तेच उदाहरण पुढे नेते. पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा करतात, म्हणजे रोज डोकं त्याच जागी राहील. मुखवट्यासकट सीटी स्कॅन होतो. डॉक्टर त्या स्कॅनवर एकेका चकतीत गाठ रेखतात आणि जपायचे अवयवही रेखतात. गाठीला ६६ ग्रे हवेत. दोन-तीन सेंटीमीटर मागे असलेल्या मज्जारज्जूला पंचेचाळीसच्या फार वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर माणूस कॅन्सरमधून उठेल आणि पायाने अधू होईल. लाळेच्या ग्रंथींना त्याहून खूप कमी, नाहीतर आयुष्यभर भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरणार नाही. हे सगळं एकाच वेळी साधायचं म्हणजे मशीन डोक्याभोवती फिरत असताना त्याच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टनच्या बारीक पट्ट्या कुठल्या क्षणी किती उघडायच्या, याचं गणित मांडायचं. त्याला आम्ही प्लॅन म्हणतो. गणित कॉम्प्युटर करतो. तो पाहिजे तितके सुंदर आणि पाहिजे तितके मूर्ख प्लॅन काढून देतो, त्यातला कुठला घ्यायचा यात आमचा अर्धा दिवस जातो.

मग संध्याकाळी, पेशंट संपल्यावर, तोच प्लॅन पेशंटशिवाय एका मोजणाऱ्या ठोकळ्यावर चालवून बघायचा. कॉम्प्युटरने सांगितलेला डोस आणि मोजलेला डोस यांची बिंदूबिंदूला तुलना करायची. निदान पंच्याण्णव टक्के बिंदू ठरलेल्या मर्यादेत जुळले तर ठीक, नाहीतर बसा शोधत. घरी उशिरा पोचण्याचं हे माझं कायमचं कारण आहे आणि घरच्यांना ते आता पाठ झालंय.

एवढी काटेकोरी कशासाठी, याचं एक उदाहरण या धंद्यात प्रत्येकाला शिकवतात. १९९६ साली मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात, सान होसे शहरात, किरणोत्सर्गी कोबाल्टवर चालणाऱ्या एका मशीनमध्ये नवा स्रोत बसवला. नव्या स्रोताचा जोर मोजताना वेळ होती ०.३ मिनिटं. म्हणजे अठरा सेकंद. हिशेबात ती धरली गेली तीस सेकंद. शून्य पूर्णांक तीन आणि तीस, एवढाच घोळ. स्रोत आहे त्यापेक्षा कमजोर वाटला, म्हणून प्रत्येक पेशंटला जास्त वेळ ठेवलं गेलं आणि ११५ जणांना ठरलेल्या डोसच्या दीडपटीहून जास्त मारा बसला. महिनाभर ते लक्षात आलं नाही. त्यातले अनेक जण दगावले किंवा जन्माचे अधू झाले. त्या आकड्यावरून दुसऱ्या कुणाची नजर फिरली असती तर? माझ्या मते आमच्या धंद्याची सगळी दुखणी या प्रश्नापाशी येऊन थांबतात: दुसरी नजर आहे का? आणि विकसनशील देशात बहुतेक ठिकाणी ती नसते.

का नसते हे समजायला आम्ही हॉस्पिटलात कुठल्या दारातून आलो ते बघावं लागेल. सुरुवात तशी दिमाखदार होती. पॅरिसला मारी क्यूरींच्या प्रयोगशाळेत शिकून आलेले रामय्या नायडू मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये भौतिकशास्त्रज्ञ होते, भारतातले पहिले मेडिकल फिजिसिस्ट म्हणून आम्ही त्यांचंच नाव घेतो. १९६२ मध्ये तुर्भ्याला, आज ज्याला भाभा अणुसंशोधन केंद्र (बार्क) म्हणतात तिथे, एम.एस्सी.नंतरचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा सुरू झाला. देशातल्या आमच्या कितीतरी पिढ्या तिथेच घडल्या. त्याच वर्षी अणुऊर्जा कायदा आला. पुढे १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. रेडिएशनचं मशीन चालवायला या मंडळाचा परवाना लागतो, आणि रेडिओथेरपीचा परवाना हवा तर पात्र मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागतो. बहुतेक ठिकाणी या दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात.

कायद्याचे उपकार आहेतच. सगळ्याच देशांत एवढंही नाही. पण हॉस्पिटलात सर्जन येतो तो वैद्यकाची गरज म्हणून, आणि फिजिसिस्ट आला तो परवान्याची अट म्हणून. अट म्हणून आलेल्या माणसाची किंमत अटीएवढीच राहते. कायदा म्हणतो किमान अमुक, तर व्यवस्थापनाला तोच आकडा कमाल वाटतो. वर्षाला चारशे पेशंटमागे एक फिजिसिस्ट, हे जगभर सांगितलं जाणारं ढोबळ प्रमाण. आपल्याकडच्या गर्दीच्या हॉस्पिटलात ते मोठ्याने वाचून दाखवलं तर हशा होईल.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावातून फोन आला. मशीन येऊन पडलंय, उद्घाटनाला मंत्री ठरलेत, परवाना तेवढा अडलाय. “मॅडम, तुम्हाला यायची तसदी नाही. सर्टिफिकेट लावायचं आणि महिन्यातून एकदा सह्या. गाडी पाठवू.” पगारही बरा सांगितला होता. मी नाही म्हटलं, त्यात शौर्य काही नव्हतं, भीती वाटली इतकंच. आता मंडळाची ई-लोरा ही ऑनलाइन व्यवस्था असल्यामुळे एका माणसाला दोन ठिकाणी दाखवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. पण त्या माणसाला काय हवं होतं ते स्पष्ट होतं: माझी सही हवी होती, मी नको होते.

मशीनला देणगीदार मिळतात. भिंतीवर संगमरवरी पाटी लागते, फीत कापली जाते, पेपरात फोटो येतो. पगाराला पाटी लावता येत नाही. आयन चेंबर ठरावीक मुदतीने तुर्भ्याच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून पडताळून आणायचं असतं, त्या खर्चाच्या फाइलवर “गेल्याच खेपेला केलं होतं ना?” असा शेरा येतो. काही कोटींचं मशीन आणि ते बरोबर आहे हे सांगणारं काही लाखांचं मोजमापाचं सामान, यात घासाघीस नेहमी दुसऱ्याची होते.

मशीन कुठलं घ्यावं हाही गरीब देशातला खास प्रश्न. जुनं कोबाल्ट साधं, दणकट, लाईट गेली तरी फार तक्रार करत नाही. बार्कने विकसित केलेलं भाभाट्रॉन हे त्यातलं देशी बनावटीचं. पण कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मं होतं, दर महिन्याला साधारण एक टक्क्याने मंदावतं, तसा पेशंट जास्त वेळ झोपून राहतो. शिवाय थकलेला स्रोतही धोकादायकच असतो, तो रीतसर परत पाठवावा लागतो. तसं न केल्यावर काय होतं ते २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत दिसलं. दिल्ली विद्यापीठातलं पडून राहिलेलं एक गॅमा उपकरण लिलावात भंगारात गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, बरेच जण भाजले आणि एकाचा जीव गेला. ते उपचाराचं मशीन नव्हतं, पण ‘याच्या आत काय आहे हे जाणणारं आता इथे कोणी नाही’ ही गोष्ट तीच.

लिनॅक, म्हणजे वेगवर्धक, बंद केला की त्यात रेडिएशन उरत नाही आणि तो कोबाल्टपेक्षा कितीतरी नेमका. पण त्याला अखंड वीज लागते, थंड पाणी लागतं, एसी लागतो आणि सुटा भाग आणून देणारा इंजिनिअर लागतो. मे महिन्यात चिलर बसला की आमची पळापळ बघावी. इंदापूर, करमाळा, फलटणहून आलेली माणसं धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे सहा-सात आठवडे राहिलेली असतात. मशीन एक दिवस बंद म्हणजे त्यांचा एक दिवस खर्चात वाढला. त्याहून वाईट म्हणजे डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की रोग आटोक्यात येण्याची शक्यता एक-दीड टक्क्याने खाली येते. मग शनिवारी दोनदा द्यायचे का, डोस बदलायचा का, याचा हिशेब डॉक्टरांबरोबर बसून करायचा. उपचाराला आलेल्या मामांना फक्त एवढंच सांगायचं की शनिवारी डबा घेऊन या, दोनदा बोलावणार आहोत.

आता ज्या ठिकाणी कायद्याने हे दार उघडलंच नाही तिकडे या. पुण्यात चौकाचौकात सीटी स्कॅन आहे. पोटाचा एक सीटी म्हणजे छातीच्या साध्या एक्स-रेच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त डोस. सीटीचं यंत्र परवान्याचं असतं, त्याची मुदतीने तपासणीही होते. पण रोजच्या रोज, सात वर्षांच्या मुलीला बापाच्याच सेटिंगवर स्कॅन केलं जातंय का, हे बघायला तिथे बहुधा कोणी फिजिसिस्ट नसतो. अट नाही, म्हणून माणूस नाही. लहान अंगाला तेवढंच एक्स-रे दिलं तर डोस मोठ्यांपेक्षा जास्त भरतो आणि चित्र मात्र छान स्वच्छ येतं, त्यामुळे तक्रार कोण करणार? रेडिओथेरपीत रोज भेटणारे मोजके पेशंट आम्ही सांभाळतो. गावभरच्या लाखो स्कॅनांकडे बघायला या देशात आमच्यातलं जवळपास कोणी नाही. मला विचाराल तर पुढच्या वीस वर्षांचं आमचं खरं काम तिथे आहे.

आमची जात कुठली, याचाही घोळ आहेच. जगभरच्या व्यवसायांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी असते, तिच्यात मेडिकल फिजिसिस्ट २१११ या गटात आहे. या गटाचं नाव ‘भौतिकशास्त्रज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ’. म्हणजे कागदोपत्री माझे भाऊबंद विद्यापीठाच्या आवारात आयुकात बसून दीर्घिका मोजणारे लोक. आमचाही समावेश आरोग्यसेवेच्या मनुष्यबळात समजावा, अशी टीप त्या वर्गवारीत वेगळी जोडावी लागली. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने आरोग्यक्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांची यादी केली आणि तिच्यात आमचं नाव घातलं. नाव आलं याचा आनंद आहे. हॉस्पिटलच्या ओळखपत्रावर कुठे ‘पॅरामेडिकल’, कुठे ‘टेक्निकल’, कुठे ‘प्रशासन’ असं छापून येणं अजून थांबलेलं नाही.

या वाटेला यायचं तर बी.एस्सी., मग फिजिक्सची एम.एस्सी., त्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, किंवा थेट मेडिकल फिजिक्सची एम.एस्सी. नंतर सुसज्ज विभागात वर्षाची इंटर्नशिप आणि मग सेफ्टी ऑफिसरची परीक्षा. इंटर्नशिपला स्टायपेंड किती, हा प्रश्न आमच्या पोराने पहिल्याच दिवशी विचारला होता. मी म्हटलं, कॅन्टीनचा चहा आमच्याकडून. तो हसला, पण कॉट बेसिसवर नऱ्ह्यात राहणाऱ्या पोराला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. असे तयार झालेले बरेच जण दोन-चार वर्षांत आखातात किंवा ऑस्ट्रेलियाला जातात. मी त्यांना दोष देत नाही. शिफारसपत्रं मीच लिहून देते.

मावशींचा दुसरा प्रश्न ठरलेला: “रेडिएशनमध्ये काम म्हणजे मुलाबाळांचं काही...?” माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाने याच कारणाने नकार कळवला होता. तर आमच्या छातीवर अंगावर पडलेलं रेडिएशन नोंदवणारा एक बिल्ला असतो, टीएलडी बॅज. तो दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. कायद्याने मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. माझ्या बिल्ल्याचा आकडा बहुतेक तिमाहींत शून्य येतो. भिंती जाड आहेत हो, आणि त्यांचा हिशेब करणारा फिजिसिस्टच असतो.

घरात कोणाची रेडिओथेरपी चालू असेल, तर एक गोष्ट करता येते. प्लॅन कोणी केला, कोणी तपासला, मशीनचं मोजमाप शेवटचं कधी झालं, हे विचारा. डॉक्टरांना राग येत नाही, चांगल्या डॉक्टरांना तर मुळीच नाही. मुलाचा सीटी असेल तर लहान मुलांचं सेटिंग लावलंय ना, एवढं टेक्निशियनला आत जाण्यापूर्वी विचारा. आणि फिजिसिस्टला भेटायचं म्हणालात तर कोणी तुम्हाला अडवणार नाही. लिफ्टमध्ये सगळ्यात खालचं बटण दाबा. बॅरोमीटरखाली ‘मोबाईल बघू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसली, की आमचीच खोली.